साहेब बोलले, म्हणून बातमी झाली का?

पत्र

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यातून एका मराठी वृत्तवाहिनीसाठी काम करते. पगार नाही, बातमीमागे मानधन मिळतं. मे महिन्यात आमच्याकडे पालकमंत्र्यांची टंचाई आढावा बैठक झाली. बाहेर आल्यावर ते सगळ्यांच्या बूमसमोर, म्हणजे वाहिन्यांच्या माइकसमोर, म्हणाले, ‘जिल्हा टँकरमुक्त झाला आहे.’ त्याच दिवशी सकाळी मी एका तांड्यावर होते. टँकर आला, विहिरीत रिकामा झाला आणि पोहरे टाकायला बायका-मुलींची झुंबड उडाली. ते सगळं मी शूट केलं होतं. ऑफिसात बातम्या तयार करणाऱ्या डेस्कला दोन्ही पाठवलं. मंत्र्यांचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं ते बोलणं, दिवसभर चालला. तांड्याच्या व्हिज्युअल्सबद्दल उत्तर आलं, ‘उद्या विरोधकांचा बाइट घे, त्याच्यासोबत लावू, म्हणजे बॅलन्स होईल.’ ते आजवर लागले नाहीत. मी तांड्यावर गेले होते हे मंत्र्यांच्या पीएंना कुठून तरी कळलं आणि त्यांचा फोन आला, ‘ताई, साहेब नाराज आहेत.’ आता पुढच्या महिन्यात साहेबांचा वाढदिवस आहे. त्याच पीएंकडून शुभेच्छांची जाहिरात आणायला ऑफिसने मला सांगितलं आहे. आमचे सिनियर म्हणतात, नेता जे बोलला ते दाखवणं एवढंच आपलं काम, खरंखोटं लोक ठरवतील. हे बरोबर आहे का? माझी जबाबदारी नेमकी कुठवर? आणि हे काम सोडून द्यावं का?

— एक वार्ताहर, मराठवाडा

उत्तर

नमस्कार. तुमच्या सिनियरांचं म्हणणं मला मान्य नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी उमेदीची वर्षं आकाशवाणीच्या वृत्तविभागात गेली, पुढची दूरचित्रवाणीवर. ‘नेता बोलला ते दाखवायचं, बाकी लोक बघून घेतील’ हे वाक्य मी दोन्हीकडे ऐकलं आहे. ते म्हणणारी माणसं वाईट नव्हती, थकलेली होती. पण विचार करून पाहा. पुण्यात किंवा नाशकात संध्याकाळी टीव्हीपुढे बसलेल्या माणसाने तुमच्या जिल्ह्यातल्या टँकरचं खरंखोटं ठरवायचं तरी कशावरून? तो तांड्यावर गेलेला नाही. तहसील कचेरीतले कागद त्याने पाहिलेले नाहीत. ते पाहण्यासाठीच तुम्ही तिथे आहात. खरंखोटं लोकांवर सोपवायचं आणि ते ठरवायला लागणारी माहिती मात्र द्यायची नाही, हा प्रेक्षकावर अन्याय आहे.

तुमच्या प्रकरणात तर ठरवणं फारसं अवघडही नव्हतं. कुठल्या गावाला, कुठल्या वाडीला टँकर मंजूर आहे, त्यातले सरकारी किती, खाजगी किती, किती विहिरी अधिग्रहित केल्या, याचा तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टंचाई शाखेत तयार होतो आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला विभागीय आयुक्तालयात जातो. प्रत्येक टँकरच्या खेपांची नोंदवही असते, तिच्यात गावातल्या माणसाची सही लागते. म्हणजे ‘जिल्हा टँकरमुक्त’ या वाक्याची तपासणी तालुक्याच्या गावी बसून त्याच दिवशी संध्याकाळच्या आत करता येते. जी गोष्ट संध्याकाळच्या आत तपासता येते ती न तपासता दिवसभर चालवणं म्हणजे पालकमंत्र्यांच्या जनसंपर्क कार्यालयाचं काम फुकटात करून देणं. मग तुम्ही तुमच्या वाहिनीच्या वार्ताहर उरत नाही.

आता ‘बॅलन्स’बद्दल. धरणाचं पाणी आधी शहराला द्यावं की शेताला, टंचाईच्या भागात ऊस लावू द्यावा का, टँकर सरकारने चालवावेत की ठेकेदाराने, या प्रश्नांवर प्रामाणिक माणसांची वेगवेगळी मतं असू शकतात. तिथे दोन बाजू घ्या, चार घ्या. पण त्या सकाळी तांड्यावर टँकर आला की नाही, याला दोन बाजू नाहीत. विरोधी पक्षाच्या नेत्याचा बाइट शेजारी लावल्याने ही बातमी समतोल होत नाही. उलट घडलेली गोष्ट दोन पक्षांच्या भांडणात बुडून जाते आणि प्रेक्षक म्हणतो, ‘हे एकमेकांवर ढकलणारच.’ इथे मंत्र्यांच्या विधानासमोर तहसीलचा तक्ता यायला हवा होता आणि पोहरा ओढणाऱ्या बाईचा आवाज यायला हवा होता. विरोधकांच्या बाइटवाचून या बातमीचं काहीही अडलेलं नव्हतं.

नेत्याचं विधान जसंच्या तसं पुढे पाठवणं म्हणजे तटस्थपणा, ही समजूत आपल्या धंद्यात फार जुनी आहे आणि तिची मोठी किंमत लोकांनी मोजलेली आहे. अमेरिकेत फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी जाहीर केलं की परराष्ट्र खात्यात घुसलेल्या कम्युनिस्टांची यादीच आपल्या हातात आहे. आकडा आधी २०५ सांगितला, पुढे तोच ५७ झाला. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा छापला. सिनेटर बोलले होते, बातमी ‘अचूक’ होती. यादी मात्र कोणी पाहिली नव्हती. पुढची काही वर्षं माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आयुष्यं उद्ध्वस्त झाली. ९ मार्च १९५४ ला सीबीएस वाहिनीवर एडवर्ड मरो यांनी अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. त्यात बहुतेक चित्रफिती मॅकार्थींच्याच होत्या, शब्दही त्यांचेच. मरोंनी केलं इतकंच की प्रत्येक विधानापाशी थांबून नोंदी काय सांगतात ते प्रेक्षकाला सांगितलं. मॅकार्थींना उत्तरासाठी तेवढाच वेळ देऊ केला आणि ६ एप्रिलला त्यांचं उत्तर प्रसारितही केलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. त्याचं सगळं श्रेय एका कार्यक्रमाला देणं बरोबर होणार नाही, इतरही बरंच काही त्या वर्षात घडत होतं. पण दूरचित्रवाणीवर राजकीय विधान कसं हाताळावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. बाइट पूर्ण दाखवा, त्याच्या लगोलग नोंद दाखवा, उत्तराला वेळ द्या.

आपल्याकडचं एक उदाहरण तुमच्याच विषयातलं आहे. एप्रिल २०१३, राज्यात भीषण दुष्काळ. उजनी धरणाचं पाणी सोडावं म्हणून सोलापूरकडचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. त्याचा उल्लेख करून तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत ‘धरणात पाणीच नाही तर काय लघवी करून भरायचं का’ अशा अर्थाचं जे बोलले, ते महाराष्ट्राला आजही पाठ आहे. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेशही केला. ते विधान दाखवायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या दिवसांत तो बाइट किती वेळा लागला आणि उजनीत तेव्हा किती पाणी होतं, कोणाच्या वाट्याचं कोणाला गेलं, त्या शेतकऱ्याची मागणी कायद्यात बसत होती का, हे किती वेळा सांगितलं गेलं? विधान आठवणाऱ्यांना विचारून बघा, उपोषणाला बसलेल्या माणसाला नेमकं काय हवं होतं ते फार थोड्यांना सांगता येतं. तुमच्या जिल्ह्यात बाइटने बातमी झाकली, इथे बाइटने बातमी गिळली. दोन्हीकडे पाणी मागे राहिलं.

कधीकधी विधान हीच बातमी असते, हेही खरं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात, अशा अर्थाचं हिंदी वाक्य बोलून गेले आणि १ डिसेंबरला त्यांना राजीनामा द्यावा लागला. राज्याच्या सुरक्षेची जबाबदारी ज्याच्यावर, तो माणूस त्या हल्ल्याकडे कसं पाहतो, हे लोकांना कळणं आवश्यक होतं. तिथे तपासायला कुठला तक्ता नव्हता. म्हणून बाइट हातात आला की मी आधी ठरवत असे की यातून मला नेत्याबद्दल काही कळतंय की जगाबद्दल. नेत्याबद्दल कळत असेल, म्हणजे त्याची वृत्ती, त्याचा निर्णय, त्याचं आश्वासन, तर त्याचे शब्द पूर्ण आणि संदर्भासकट द्यायचे. तो जगाबद्दल काही सांगत असेल, टँकर, आकडे, पोलीस, रुग्णालयं, तर आधी जगाकडे जाऊन बघून यायचं.

आणि आकडा आला की कागदावर हिशोब मांडायचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तो दिवस आठवा. १० टँकरवॅगन, प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर. स्थानकावर कॅमेरे, नेत्यांचे बाइट, श्रेयाची चढाओढ. ५ लाख हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. भागाकार करा, माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी येतं. पुढे ५० वॅगनची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. तेव्हाही माणशी साडेसहा लिटर. टंचाईत टँकरसाठी सरकारनेच धरलेलं माप दरडोई २० लिटरचं आहे आणि घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनचं ५५ लिटरचं. याचा अर्थ रेल्वे निरुपयोगी होती असा नाही. जलकुंभांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, त्या शहराला प्रत्येक लिटर मोलाचा होता आणि रेल्वेच्या माणसांनी खरोखर कष्ट घेतले. पण हा भागाकार ज्याने प्रेक्षकासमोर ठेवला त्याने लातूरची अवस्था सांगितली. ज्याने फक्त ‘५ लाख लिटर’ सांगितलं त्याने गाडीची लांबी सांगितली. तुमच्या तांड्याचंही असंच करा. टँकर किती लिटरचा, दिवसाला खेपा किती मंजूर, प्रत्यक्षात किती होतात, घरं किती, माणसं किती, गुरं किती. गुरं विसरू नका, तहसीलच्या हिशोबात ती बऱ्याचदा राहून जातात.

आता डेस्कशी कसं वागायचं, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. तुम्ही काय लिहून पाठवलं ते पत्रात नाही, पण आपल्या वाहिन्यांची सवय मला माहीत आहे. साधारण असं असणार: ‘जिल्हा टँकरमुक्त झाल्याचं पालकमंत्र्यांनी आज सांगितलं. मात्र ग्रामीण भागात अजूनही टँकर सुरू असल्याचं विदारक चित्र पाहायला मिळत आहे.’ या मजकुरात दुसरं वाक्य कापणं फार सोपं आहे. त्यात गाव नाही, वेळ नाही, कागद नाही, एक ‘विदारक’ आहे. घाईतला प्रोड्युसर पहिलं वाक्य उचलणार, बाइट लावणार आणि पुढे जाणार.

त्याऐवजी असं लिहून बघा: ‘आज सकाळी ९ वाजता’ (इथे तांड्याचं आणि तालुक्याचं नाव) ‘इथे पाण्याचा टँकर आला. दुपारी पालकमंत्र्यांनी जिल्हा टँकरमुक्त झाल्याचं सांगितलं. तहसील कार्यालयाच्या नोंदीत या तांड्याला आजही टँकर मंजूर आहे.’ तीन वाक्यं. एकही विशेषण नाही, कोणाला खोटारडं म्हटलेलं नाही. यातलं मधलं वाक्य एकटं उचललं तर बातमी लंगडी पडते, हे डेस्कवरच्या माणसालाही दिसतं. रेडिओत आम्हाला चित्र नसायचं, म्हणून जे काही सांगायचं ते वाक्यांच्या क्रमातून सांगावं लागे. कोण म्हणालं ते आधी, आणि जे तपासलं ते विधानाला चिकटून. दोघांच्या मध्ये दुसरं काहीही येऊ द्यायचं नाही. टीव्हीत त्या जागी पडद्यावरच्या मजकुराची पट्टी आली. ‘जिल्हा टँकरमुक्त’ एवढीच पट्टी गेली तर ते मंत्र्यांचं विधान राहत नाही, वाहिनीचं होतं. आवाज बंद करून टीव्ही लावलेल्या हॉटेलात, बसस्थानकावर लोक फक्त पट्टी वाचतात. म्हणून स्क्रिप्टबरोबर पट्टीही तुम्हीच लिहून पाठवा: ‘पालकमंत्री म्हणतात टँकरमुक्त, तहसीलच्या नोंदीत टँकर सुरू.’ आणि कृपा करून ‘पोलखोल’ असं काही पाठवू नका. तो शब्द आला की मंत्र्यांचे लोक त्या शब्दावर भांडतील आणि तक्ता बाजूला पडेल.

पाठवण्याआधी मात्र एक गोष्ट करायचीच. मंत्र्यांना विचारायचं. बैठकीत त्यांच्यापुढे अधिकाऱ्यांनी जुना तक्ता ठेवला असेल. ‘सरकारी टँकर बंद’ असं कोणी सांगितलं आणि खाजगी टँकर त्यात धरलेच नाहीत, असंही होतं. जिल्ह्यातल्या गावांची यादी वेगळी आणि वाड्या-तांड्यांची वेगळी, हा घोळ तर नेहमीचा. राजकारणी माणूस प्रत्येक वेळी ठरवून खोटं बोलतो असं धरून चालणारा वार्ताहर लवकरच आळशी होतो, कारण मग त्याला काही तपासावंच लागत नाही. पीएंना फोन करा, मेसेज लेखी पाठवा: अमुक तांड्यावर आज टँकर आला आहे, तहसीलच्या नोंदीत तो मंजूर आहे, साहेबांचं म्हणणं काय? उत्तरासाठी वेळ द्या. उत्तर आलं तर ते ठळकपणे द्या. नाही आलं तर ‘विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही’ हे सांगा. मग बातमी थांबवू नका.

थांबवण्याबद्दल मला फार तीव्रपणे वाटतं. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूची बातमी बीबीसीने दिली तरी आकाशवाणीवरून ती अधिकृतपणे संध्याकाळपर्यंत दिली गेली नाही. बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधीसुद्धा बीबीसी ऐकत होते. इतक्या मोठ्या बातमीत पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणं मी समजू शकते. खात्री झाल्यावर वरून होकार येण्याची वाट बघत थांबणं वेगळं. त्या तासांत देशभर काय काय पसरलं ते त्या पिढीला विचारा. खरी बातमी अडवली की तिची जागा रिकामी राहत नाही, तिथे अफवा येऊन बसते आणि श्रोता कायमचा दुसरीकडे वळतो. तुमचे व्हिज्युअल्स डेस्कवर पडून आहेत, पण तांड्यावरच्या लोकांना कॅमेरा येऊन गेल्याचं माहीत आहे आणि टीव्हीवर काहीच आलं नाही हेही माहीत आहे. पुढच्या वेळी तुम्ही गेलात तर ती माणसं तुमच्याशी बोलतील का, याची मला काळजी वाटते. तेव्हा परत जा आणि काय झालं ते त्यांना सरळ सांगा.

पत्रकार परिषदेत काय करायचं तेही लिहिते, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्या वार्ताहराला वाकवणं सोपं असतं. बूमच्या गर्दीत पहिला प्रश्न कोणीही विचारतं. नेता हसून भलतंच उत्तर देतो, तेवढ्यात दुसरा वार्ताहर नवा विषय काढतो आणि सुटका होते. जिल्ह्यातल्या दोन-तीन भरवशाच्या सहकाऱ्यांशी आधीच ठरवून घ्या. एकाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर पुढच्याने आपला प्रश्न बाजूला ठेवून म्हणायचं, ‘साहेब, यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.’ वाहिन्या वेगळ्या असल्या तरी एवढं करता येतं. मी हे चालताना पाहिलं आहे, आणि पत्रकार असं करतात म्हटल्यावर पुढच्या बैठकीला कागद नीट वाचून येणारे मंत्रीही पाहिले आहेत. प्रश्न विचारताना ‘काय सांगाल?’, ‘कसं बघता याकडे?’ हे विचारू नका. तारीख, गाव, नोंद सांगा आणि मग विचारा. आणि बोलून झाल्यावर ‘हे दाखवू नका हं’ म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा की ते आधी ठरवायचं असतं. आधी ठरवून सांगितलेली गोष्ट मात्र काही झालं तरी बाहेर जाऊ द्यायची नाही.

जाहिरातीबद्दल माझं उत्तर एका वाक्यात आहे. ती आणू नका. हे सांगणं मला सोपं आहे आणि तुम्हाला करणं कठीण, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण ज्या फोनवरून तुम्ही टँकरबद्दल स्पष्टीकरण मागणार त्याच फोनवरून शुभेच्छांचे पैसे मागितलेत, तर पीएंना तुम्हाला दमदाटी करण्याची गरजच उरणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन दिलेल्या बातम्यांचा, प्रश्न देशभर गाजला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, म्हणजे परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, २०१० मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. तो पूर्ण स्वरूपात लोकांपुढे यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. सुरुवात पाकिटापासूनच होते असं नाही. वार्ताहराला वसुलीला पाठवण्यापासूनही होते. ऑफिसला लेखी कळवा की त्या नेत्याच्या बातम्या तुम्ही करता, म्हणून जाहिरातीसाठी मार्केटिंगच्या माणसाने जावं. भाषा सौम्य ठेवा, मेल मात्र पाठवाच. वाहिनी मालकाची आहे हे तुम्हाला ऐकवलं जाईल. कॅमेरे, इमारत, परवाना मालकाचा आहे खरा. पण ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हणून ठेवलं आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादातून आलेला तो निकाल आहे, सवडीने वाचा.

‘साहेब नाराज आहेत’ याला काय उत्तर द्यायचं? नाराजी असू शकते, त्यात भांडण नाही. ‘बातमीत चूक असेल तर दाखवा, लगेच दुरुस्त करू’ एवढं सांगून फोन ठेवा आणि संभाषणाची तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. पुढे सूर बदलला, घरच्यांचा विषय निघाला, तर मात्र ते अंगावर काढू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिसे यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या माणसाला धोका किती जवळ असतो हे मुंबईच्या न्यूजरूममधून दिसत नाही. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा २०१७ चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याचा आधार घ्यायचा तर तुम्ही पत्रकार म्हणून नेमलेल्या आहात हे कागदावर असायला हवं. तुमच्याकडे नियुक्तिपत्र किंवा करार आहे का? नसेल तर या महिन्यात मागा. मानधनाच्या पावत्या, बूमसाठीचं पत्र, ओळखपत्र, जे असेल ते एकत्र ठेवा आणि त्याची एक प्रत घरी द्या.

काम सोडावं का? आज नाही, असं मला वाटतं. तुमच्याजवळ बातमी आहे, पुरावा आहे आणि दाखवण्याची जागा अजून पूर्ण बंद झालेली नाही. वर सांगितलं तसं लिहून चार-सहा महिने काम करून बघा. खोटी बातमी करायला सांगितलं, तुमच्या नावावर न तपासलेलं काही चालवलं आणि मेल करूनही ते थांबलं नाही, तर मग सोडा आणि दुसरीकडे जाताना तुमच्या नोंदवह्या बरोबर न्या. जिल्ह्यात खात्रीचा म्हणून ओळखला जाणारा वार्ताहर फार दिवस बेकार राहत नाही.

तांड्याची बातमी अजून संपलेली नाही. पाऊस सुरू झाला की टँकर बंद होतील आणि पालकमंत्र्यांचं वाक्य आपोआप खरं ठरेल. तुम्ही तेव्हा जा. त्या तांड्याला जलजीवनची योजना मंजूर आहे का, टाकी बांधली का, नळ बसवले का, बसवले असतील तर विहीर उन्हाळ्यात का आटते, काम कोणाला दिलं, बिल किती निघालं. राज्यात २०१८ च्या आदेशाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा आणि त्याखालच्या सरकारी कार्यालयांतले अभिलेख नागरिकांना पाहता येत; ती सोय आता आहे का ते आधी विचारून घ्या. पंचायत समितीत जाऊन ती फाइल मागा आणि जे वाचाल त्याचं टिपण तारखेसह काढा. माहितीच्या अधिकारात अर्जही टाकून ठेवा, उत्तर यायला महिना जातो. माझ्या मते खरी बातमी ती आहे, दर उन्हाळ्यात त्या विहिरीत टँकर का रिकामा करावा लागतो ही. ती तयार झाली की पालकमंत्र्यांकडे वेळ मागा, बूमच्या गर्दीत नको, बसून, फाइल समोर ठेवून. आणि कदाचित त्या दिवशी तेच तुम्हाला सांगतील की ते काम कुठे अडलं आहे.